यहूदाने दिले, देवानेही दिले: 'पारादिदोमि' या ग्रीक क्रियापदाविषयी

प्रश्न असा आहे: "आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एका बांधवाने सांगितले की यहूदाने येशूला धरून दिले आणि देवाने आपला पुत्र दिला, या दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. म्हणजे यहूदाने देवाचेच काम केले, त्याला दोष देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ग्रीक येत नाही. शब्दाचा अर्थ नेमका काय? 'देणे' की 'विश्वासघात करणे'?"

सलाम. तुमच्या बांधवांचे पहिले वाक्य जवळजवळ बरोबर आहे. दुसरे त्यातून निघत नाही.

'जवळजवळ' म्हणालो, कारण त्यांनी कोणते वचन डोळ्यांसमोर ठेवले होते यावर ते अवलंबून आहे. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' हे योहान ३:१६ मनात असेल, तर ते चुकले. तिथे 'एदोकेन' आहे, म्हणजे 'दिदोमि' या साध्या क्रियापदाचे भूतकाळी रूप. दिदोमि म्हणजे देणे. भाकर देणे, पाणी देणे, उत्तर देणे, सगळ्याला तेच. नव्या करारात हे क्रियापद ४०० हून अधिक वेळा येते. पण रोमकरांस पत्र ८:३२ मनात असेल, 'ज्याने आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपणा सर्वांकरता दिले', तर ते बरोबर आहेत. तिथे 'पारेदोकेन' आहे, आणि यहूदासाठी चारही शुभवर्तमाने (मत्तय, मार्क, लूक, योहान) हेच क्रियापद वापरतात: पारादिदोमि. नव्या करारात ते सुमारे १२० वेळा आले आहे.

दिदोमि हा शब्द मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. संस्कृतचे 'ददामि' आणि ग्रीकचे 'दिदोमि' शेजारी म्हणून पाहा. 'दा' हा एकच धातू, आणि दोन्हीकडे वर्तमानकाळात त्याची द्विरुक्ती. आपले 'दान', लॅटिनचे 'दोनुम' आणि ग्रीकचे 'दोरॉन' ही याच घरातली भावंडे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रीक क्रियापदांचा हा गट अवघड जातो, पण शाळेत संस्कृत घेतलेली मुले इथे एकदम खुलतात. ग्रीक व्याकरणकारांनी चतुर्थी विभक्तीला 'दोतिके' म्हटले, म्हणजे देण्याची विभक्ती. पाणिनीने त्याच कारकाला 'संप्रदान' म्हटले. दोघांनाही 'ला' म्हटल्यावर आधी देणेच आठवले.

आता 'पारा'. हा उपसर्ग. जवळ, बाजूला, पलीकडे असे त्याचे अर्थ. इथे बरेच उपदेशक घसरतात. शब्दाचे दोन तुकडे करायचे, प्रत्येकाचा अर्थ सांगायचा, मग जोडून म्हणायचे की मूळ अर्थ 'जवळ जाऊन देणे' आहे, आणि त्यावर अर्ध्या तासाचा संदेश. उपवास म्हणजे उप अधिक वास, जवळ राहणे. पण एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याला आपण "कोणाजवळ राहताय?" असे विचारत नाही. शब्दाचा अर्थ तो वापरणाऱ्या लोकांच्या तोंडी शोधावा लागतो.

त्या लोकांची तोंडे आपल्याला फार चांगली ऐकू येतात. इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस या जुन्या गावाच्या उकिरड्यांवर १८९६ मध्ये खणायला सुरुवात झाली आणि कोरड्या वाळूत टिकलेले हजारो पपायरस कागद निघाले: पत्रे, पावत्या, तक्रारअर्ज, भाडेकरार. इजिप्तमध्ये सापडलेल्या घरभाड्याच्या करारांत शेवटी एक ठरावीक कलम वारंवार दिसते. भाडेकरू लिहून देतो की मुदत संपल्यावर मी जागा शेणकचरा काढून, स्वच्छ करून, दारे आणि किल्ल्यांसह तुम्हाला 'पारादोसो'. (उकिरड्यातून निघालेल्या कागदांत उकिरडा साफ करण्याचे वचन, याची मला दर वेळी गंमत वाटते.) 'पारादोसो' म्हणजे याच क्रियापदाचा भविष्यकाळ. तिथे विश्वासघात नाही, भेटही नाही. आपण अकरा महिन्यांच्या करारात जे लिहितो तेच आहे: ताबा देईन.

'ताबा' हा शब्द मला पुष्कळ उशिरा सुचला, पण सुचल्यावर पारादिदोमि शिकवणे सोपे झाले. मराठीत घर ताब्यात देतात, जमीन ताब्यात देतात, चोराला पोलिसांच्या ताब्यात देतात, बदली झालेला अधिकारी टेबलाच्या किल्ल्या आणि फायली नव्या माणसाच्या ताब्यात देतो. एका माणसाचा हात सुटला, दुसऱ्याचा बसला. ते चांगले झाले की वाईट, हे 'ताब्यात देणे' सांगत नाही. ते कोणी दिले, कोणाला दिले आणि कशासाठी दिले यावर ठरते. पारादिदोमि अगदी असेच वागते.

हे मला पहिल्यापासून कळत होते असे नाही. शिकवायला लागलो तेव्हा मी स्वतः वर्गासाठी शब्दयादी तयार केली होती आणि तीत पारादिदोमिसमोर बेधडक लिहिले होते, 'विश्वासघात करणे'. महिनाभराने मत्तय २५ मधला रुपयांचा दृष्टान्त भाषांतराला दिला. परदेशी जाणारा मालक चाकरांना बोलावतो आणि आपली मालमत्ता त्यांच्याकडे सोपवतो. एका मुलाने प्रामाणिकपणे यादी वापरली आणि वाचून दाखवले, "त्याने आपल्या दासांना बोलावून आपल्या मालमत्तेचा विश्वासघात केला." वर्ग हसला. मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. चूक त्याची नव्हती. तिथेही क्रियापद पारेदोकेनच आहे, आणि पाच तालंत (तालंत म्हणजे त्या काळची मोठी रक्कम) मिळालेला चाकर परत येऊन अभिमानाने म्हणतो, 'महाराज, तुम्ही मला पाच तालंत पारेदोकास'. ती यादी मी त्याच संध्याकाळी फाडली.

मग विश्वासघातासाठी ग्रीकमध्ये शब्दच नव्हता का? होता. 'प्रोदिदोमि'. गावाची वेस शत्रूला उघडून देणारा, फितूर होणारा, तो 'प्रोदोतेस'. अभिजात ग्रीकमध्ये हा शब्द सर्रास आहे. यहूदाला ही शिवी नव्या करारात एकदाच मिळते, लूक ६:१६ मध्ये, बारा शिष्यांच्या यादीच्या शेवटी: 'जो प्रोदोतेस झाला'. बाकी सगळीकडे, म्हणजे डझनावारी ठिकाणी, तो 'हो पारादिदूस' आहे, ताब्यात देणारा. शुभवर्तमानकारांच्या हाताशी कडक शब्द होता आणि तरी त्यांनी मवाळ, जवळजवळ कचेरीतला शब्द निवडला. का?

यावर काही अभ्यासक पार दुसऱ्या टोकाला जातात. पारादिदोमिचा अर्थ विश्वासघात होत नाही, म्हणून यहूदा विश्वासघातकी नव्हता, तो फक्त येशू आणि याजक यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ होता, असे ते म्हणतात. तुमच्या बांधवांनी असेच काही कुठे ऐकले असावे. मला हे पटत नाही. 'त्याने मित्राला पोलिसांच्या ताब्यात दिले' या मराठी वाक्यात 'विश्वासघात' हा शब्द नाही, पण वाक्य ऐकून कोणाला शंका राहत नाही. दोष 'मित्राला' या शब्दात आहे. मार्क तेच करतो: 'बारांपैकी एक', 'माझ्याबरोबर जेवणारा', 'माझ्याबरोबर ताटात हात घालणारा', आणि मग साधे क्रियापद. त्याला शिवी द्यायची गरजच पडत नाही.

मार्काने हा शब्द निवडला त्याचे कारण मला वेगळे वाटते, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तरही तिथे आहे. त्याला एक साखळी दाखवायची आहे.

पहिल्याच अध्यायात, १:१४ ला, बाप्तिस्मा करणारा योहान 'ताब्यात दिला गेल्यावर' येशू गालीलात येतो. मराठी वाचकाला तिथे अटक दिसते. अर्थ बरोबरच आहे, पण शब्दाची ओळख पुसली जाते. नवव्या अध्यायात येशू म्हणतो, मनुष्याचा पुत्र माणसांच्या हाती दिला जाणार आहे. दहाव्या अध्यायात हेच क्रियापद एका वचनात दोनदा येते: तो मुख्य याजकांच्या ताब्यात दिला जाईल आणि ते त्याला परराष्ट्रीयांच्या ताब्यात देतील. तेराव्या अध्यायात पाळी शिष्यांची. तुम्हाला न्यायसभांच्या ताब्यात देतील, भाऊ भावाला मरणासाठी ताब्यात देईल. मग चौदा आणि पंधरा या दोन अध्यायांत हा शब्द दहा वेळा पडतो. यहूदा याजकांकडे जातो, त्याला ताब्यात देण्यासाठी. पहाटे याजक येशूला बांधून रोमन सुभेदार पिलाताच्या ताब्यात देतात. त्यांनी त्याला हेव्यापोटी ताब्यात दिले आहे हे पिलाताला कळते. आणि शेवटी पिलात लोकांना खूश करण्यासाठी त्याला फटके मारवून वधस्तंभासाठी ताब्यात देतो.

यहूदाचे पैसे, याजकांचा हेवा, पिलाताची खुर्ची. तीन माणसे, तीन कारणे, क्रियापद एकच. मार्क वाचून दाखवला जात असताना ऐकणाऱ्या ग्रीक माणसाच्या कानावर हा शब्द हातोड्यासारखा पडत होता. मराठीत आपण वाचतो, 'धरून दिले', 'अटक झाली', 'स्वाधीन केले', 'हाती दिले'. प्रत्येक जागी मराठी उत्तम आहे, पण हातोडा ऐकू येत नाही. आणि आपल्या मनात सगळा दोष पहिल्या माणसापाशी साचतो, कारण 'धरून देणारा' तो एकटाच राहिला.

'धरून देणे' याबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानात हाच शब्द आहे. मराठी म्हणून तो फार ठसकेबाज आहे. पण नीट पाहा, यहूदाने येशूला धरले नाही. त्याने जागा दाखवली, वेळ सांगितली, अंधारात माणूस ओळखू यावा म्हणून चुंबन घेतले. 'मी ज्याचे चुंबन घेईन तोच तो, त्याला धरा', असे तो इतरांना सांगतो. धरण्याचे क्रियापद ग्रीकमध्ये वेगळे आहे आणि त्याचा कर्ता तलवारी आणि सोटे घेऊन आलेला जमाव आहे. काटेकोर व्हायचे तर 'धरवून दिले' म्हणावे लागेल.

मत्तयाने तर एका ओळीत सगळा व्यवहार मांडला आहे. २६:१५ मध्ये यहूदा याजकांना विचारतो: तुम्ही मला काय 'दूनाय', म्हणजे मी त्याला तुमच्या हाती 'पारादोसो'? साधे देणे आणि ताब्यात देणे एकाच वाक्यात, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. तुम्ही द्या, मग मी देतो. त्यांनी चांदीची तीस नाणी तोलून दिली. आणि पुढच्याच अध्यायात तो ती परत घेऊन येतो आणि म्हणतो, मी निरपराध रक्त ताब्यात देऊन पाप केले. आपण देवाचे काम केले असे यहूदाला स्वतःला वाटले नव्हते. त्याच्या वतीने वकिली करणाऱ्यांनी निदान त्याचा जबाब तरी वाचावा.

तुमच्या बांधवांना एकच वचन दाखवायचे असेल तर योहान १९:११ दाखवा. पिलात येशूला म्हणतो, तुला सोडण्याचा आणि वधस्तंभावर देण्याचा अधिकार मला आहे. येशू उत्तर देतो: तुला तो वरून 'देदोमेनोन' नसता, म्हणजे दिलेला नसता, तर माझ्यावर तुझा काही अधिकार चालला नसता. म्हणून ज्याने मला तुझ्या ताब्यात दिले त्याचे पाप अधिक आहे. पुन्हा दोन क्रियापदे शेजारी. वरून देणे हे दिदोमि, माणसाने ताब्यात देणे हे पारादिदोमि. (हा 'ज्याने' म्हणजे यहूदा की मुख्य याजक कयफा, यावर वाद आहे. पिलाताच्या दारात त्याला उभे करणारा कयफा होता, म्हणून माझे मत कयफाकडे झुकते.) देवाचे देणे माणसाच्या देण्याला झाकत नाही, हे इथे स्वतः येशू बोलतो. मार्क १४:२१ मध्येही हीच जोडी आहे: मनुष्याचा पुत्र शास्त्रात लिहिल्याप्रमाणे जातो खरा, पण ज्याच्या हातून तो ताब्यात दिला जातो त्या माणसाला हायहाय. लिहिलेले होते हेही खरे, हायहाय हेही खरे. ही ओढाताण लेखकांनी सोडवलेली नाही, मग आपण एका शब्दाच्या जोरावर ती सोडवायला जाऊ नये.

आता देवाकडे. देव 'ताब्यात देतो' हे रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाने नव्याने काढलेले नाही. येशूच्या पूर्वीच्या शतकांत यहुद्यांनी हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर केले, ज्याला सेप्टुअजिंट म्हणतात. त्यात हे क्रियापद लढायांच्या कथांमध्ये पदोपदी आहे. यहोशवा ६ मध्ये यरीहोबद्दल देव म्हणतो, पाहा, मी हे नगर तुझ्या हाती देतो. तिथे पारादिदोमि. देव शत्रूला इस्राएलच्या ताब्यात देतो, आणि इस्राएल बिघडले की इस्राएललाही शत्रूच्या ताब्यात देतो. पौल रोमकरांस पहिल्या अध्यायात हाच सूर तीनदा लावतो: मूर्तिपूजकांना देवाने त्यांच्या वासनांच्या ताब्यात दिले. तिथे हा शब्द शिक्षेचा आहे. हात सोडला, जा म्हटले.

आणि मग यशया ५३. सेवकाचे गीत. हिब्रूमध्ये सहाव्या वचनात देवाने सर्वांचे पाप त्याच्यावर 'लादले' आहे, आणि बाराव्यात त्याने आपला प्राण मरणापर्यंत 'ओतला' आहे. ग्रीक भाषांतरकाराने हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून दोन्ही वचनांत पारादिदोमि घातला: प्रभूने त्याला आमच्या पापांसाठी ताब्यात दिले, त्याचा जीव मरणाच्या ताब्यात दिला गेला, त्यांच्या पापांमुळे तो ताब्यात दिला गेला. एका अनाम भाषांतरकाराची ही निवड. तिच्याशिवाय पौलाच्या तोंडी 'जो आपल्या अपराधांमुळे ताब्यात दिला गेला' (रोमकरांस ४:२५) हे वाक्य या रूपात आले असते असे मला वाटत नाही. भाषांतर समितीच्या बैठकीत कोणी कंटाळून "एका शब्दाने काय फरक पडतो?" असे म्हटले की मी यशया ५३ उघडतो.

रोमकरांस ८:३२ कडे परत येऊ. त्या एका वचनात देण्याची दोन क्रियापदे आहेत आणि मराठीत दोन्ही 'देणे' होऊन बसतात. देवाने पुत्राला 'पारेदोकेन', तर मग त्याच्याबरोबर तो आपल्याला सगळे 'खारिसेताय' कसे नाही? दुसरे क्रियापद 'खारिस', म्हणजे कृपा, या शब्दावरून आलेले: मोबदला न मागता, प्रसन्नतेने देणे. पुत्राला ताब्यात दिले, आपल्याला कृपेने दिले. पहिल्या देण्यात किंमत आहे, दुसऱ्यात फुकट. शिवाय 'राखून न ठेवता' हे शब्द ग्रीक उत्पत्ती २२ मधल्या अब्राहामाच्या गोष्टीतून उचललेले आहेत, जिथे तो इसहाकाला राखून ठेवत नाही. पौलाच्या ओळीत बाप आहे, लेक आहे, आणि या वेळी सुरी थांबवणारा आवाज नाही. यहूदाच्या देण्याशी याची तुलना करणारा माणूस फक्त कोश वाचतो, वाक्य वाचत नाही.

पण 'खारिझोमाय' हा पवित्र शब्द आणि पारादिदोमि हा मळलेला, अशी वाटणीही करू नका. प्रेषितांची कृत्ये २५ मध्ये पौल स्वतः कैदी आहे. फेस्त सुभेदार त्याला यरुशलेमेला, शत्रूंच्या तावडीत पाठवण्याच्या विचारात आहे. तेव्हा पौल म्हणतो, मला त्यांना 'खारिसास्थाय' करण्याचा कोणालाही अधिकार नाही; मी कैसराकडे न्याय मागतो. म्हणजे यहुदी पुढाऱ्यांवर मेहरबानी म्हणून मला देऊन टाकता येणार नाही. कृपेने देण्याचाच शब्द, आणि दिले जाते आहे एका माणसाचे डोके. त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र म्हणतो, तुम्ही नीतिमानाला नाकारले आणि एक खुनी माणूस तुम्हाला 'दिला जावा' अशी मागणी केली. तिथेही हाच कृपेचा शब्द. शब्द निरागस असतात, वाक्ये नसतात.

आता तुम्ही विचारले नाही, पण विचाराल म्हणून: १ करिंथ ११:२३. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक हेच वाचतात, तुम्हाला पाठ असेल: 'ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली'. ग्रीकमध्ये 'पारेदिदेतो', कर्मणी आणि अपूर्ण भूतकाळ: ताब्यात दिला जात होता. कोणाकडून? पौल सांगत नाही. त्याच्या पत्रांत यहूदाचे नाव एकदाही नाही. तो जेव्हा जेव्हा येशूबद्दल हे क्रियापद वापरतो आणि कर्ता सांगतो, तेव्हा कर्ता देव असतो (रोमकरांस ८:३२) किंवा येशू स्वतः असतो, 'ज्याने माझ्यावर प्रीती केली आणि माझ्यासाठी स्वतःला ताब्यात दिले' (गलतीकरांस २:२०). म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटते की करिंथच्या वचनातही पौलाच्या मनात देवाचे देणे, यशया ५३ चे देणे, आहे. 'धरून देण्यात आले' म्हटले की मराठी मंडळीसमोर थेट यहूदा उभा राहतो. मी पक्के मत देणार नाही, कारण ती रात्र सांगितली की ऐकणाऱ्याला यहूदाही आठवणारच. पण पौलाने दार उघडे ठेवले होते आणि आपण ते लावून घेतले, एवढे नक्की.

याहून गमतीची गोष्ट त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. 'जे मला प्रभूपासून मिळाले तेच मी तुम्हांला सांगितले', असे आपण वाचतो. त्या 'सांगितले'च्या जागी ग्रीकमध्ये 'पारेदोका' आहे. होय, तेच. मी तुमच्या ताब्यात दिले, की प्रभू ताब्यात दिला जात होता त्या रात्री... एकाच श्वासात शिकवण सोपवली जाते आणि शिक्षकही. पौलाने हे मुद्दाम केले की नाही कोण जाणे, पण त्याच्यासारख्या शब्दांच्या माणसाला ते ऐकू आले नसेल यावर माझा विश्वास नाही.

शिकवण सोपवण्याचा हा अर्थ आला कुठून? यहुदी गुरुपरंपरेतून. मिश्ना या यहुदी शिकवणीच्या जुन्या संग्रहातल्या 'आवोत' या भागाची सुरुवातच अशी आहे की मोशेला सीनायवर नियमशास्त्र मिळाले आणि त्याने ते यहोशवाला सोपवले. या 'सोपवले'चा हिब्रू धातू 'मासार'. त्याच धातूपासून 'मसोरा', म्हणजे जपलेली परंपरा. आणि त्याच धातूपासून 'मोसेर', म्हणजे आपल्याच माणसाला परक्या सत्तेच्या ताब्यात देणारा खबऱ्या. लॅटिनातही हेच. 'त्रादेरे' म्हणजे हातात देणे. त्यातून ट्रॅडिशन निघाले आणि ट्रेटरही. इ. स. ३०३ मध्ये डायोक्लीशन बादशहाने ख्रिस्ती शास्त्रग्रंथ जाळायला मागवले, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या ज्या पुढाऱ्यांनी ग्रंथ काढून दिले त्यांना 'त्रादितोर' हे नाव पडले. अशा लोकांच्या हातून झालेले संस्कार धरायचे की नाहीत, यावर तिथली मंडळी दुभंगली ती शंभराहून अधिक वर्षे. ज्या माणसाने ग्रंथ पुढच्या पिढीला सोपवायचा त्याने तो शिपायांना सोपवला. क्रियापद एकच.

मराठीत आपण या बाबतीत सुदैवी आहोत. ग्रीक 'पारादोसिस'ला आपण परंपरा म्हणतो, पण धातूच्या दृष्टीने त्याचा खरा सख्खा भाऊ 'संप्रदाय' आहे: सम्, प्र आणि तोच 'दा'. नीट, पूर्णपणे देऊन टाकलेले. वारकरी संप्रदाय म्हणताना देण्याचा धातू आपल्या तोंडात असतो, फक्त लक्षात नसतो.

मग मराठीत सगळीकडे एकच शब्द का वापरत नाही, असे तुम्ही विचाराल. करून पाहिले आहे. एका छोट्या गटाने मार्काच्या शेवटच्या अध्यायांचा कच्चा मसुदा तयार केला, त्यात सर्वत्र 'हवाली करणे' ठेवले आणि नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत तो वाचून दाखवला. साखळी ऐकू आली. तरुणांना आवडली. मागच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी मात्र मान हलवली. म्हणाल्या, "हवाली तर सामान करतात, बाबा. यहूदानं धरूनच दिलं." मी म्हणालो, पण आजी, त्याने धरले नव्हते. त्या म्हणाल्या, "त्यानं मुका घेतला ना? मग तेच धरणं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मसुद्यात आम्ही यहूदासाठी 'धरून दिले' परत घातले आणि तळटीप दिली. तळटिपा कोणी वाचत नाही, हे मला माहीत आहे.

तेव्हा तुमच्या टिपणवहीत 'पारादिदोमि'समोर 'विश्वासघात' लिहू नका आणि 'दान'ही लिहू नका. 'ताब्यात देणे' लिहा आणि पुढे तीन मोकळ्या जागा सोडा: कोणी, कोणाला, कशासाठी. मग शिसपेन्सिल घेऊन मार्क १४ आणि १५ मधल्या त्या दहा जागांवर खूण करा. अर्ध्या तासाचे काम आहे. बांधवांना सोबत बसवलेत तर उत्तम, वाद घालण्यापेक्षा ते बरे.

आणि खुणा करता करता एक वचन मागे राहू देऊ नका, मार्क ४:२९. मार्कात हे क्रियापद वीस वेळा आहे, त्यांतली ही एक जागा सगळ्यांहून वेगळी. पेरणारा झोपतो, उठतो, बी आपोआप वाढते, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. 'आणि पीक पारादोई, की तो लगेच विळा घालतो.' पीक ताब्यात देते? कोणाला? काय? व्याकरणाची पुस्तके इथे अडखळतात, कोणी 'पीक परवानगी देते' म्हणतो, कोणी 'पीक तयार होते'. मी हे वचन शेतकऱ्यांच्या घरांतून आलेल्या मुलांना शिकवतो तेव्हा फळ्यावर लिहून गप्प बसतो. कोणी ना कोणी मागून म्हणतेच, "सर, पीक हाती आलं."